शोघिकची गोळी

बैरूतलगतच्या बुर्ज हम्मूदच्या शोघिकला लहानपणापासून एक ताप होता, माहेरच्या घराण्यात चालत आलेला. मध्येच पोटात कळा यायच्या, अंग तापायचं. रोजच्या गोळीने तो दबून राहायचा. बैरूतच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी गुणसूत्रं तपासायचो, आणि त्या गोळीतलंच औषध आमच्या टेबलावरच्या बाटलीतही होतं.

एका पेशीच्या दोन होण्याआधी गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात आणि दोन्ही टोकांकडचे धागे त्यांना धरतात. एकही सुटं राहिलं तर पेशी पुढे जात नाही, खोळंबून राहते. ते औषध धागेच बनू देत नाही. पेशी जागीच थांबते, म्हणून आम्हाला गुणसूत्रं मोजता येतात.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी शोघिकला दिवस गेले आणि तिने कोणाला न सांगता गोळी बंद केली. थोड्याच दिवसांत ती कामावरच कळांनी दुमडली. मी तिला तिचा ताप बघणाऱ्या डॉक्टर अराक्सींकडे नेलं.

"बाई, पोराला धोका तापाचा आहे, गोळीचा नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"ते औषध काय करतं, मी रोज बघते," शोघिक म्हणाली.

"बाटलीतलं बघता. तिथे पेशी औषधात बुडालेल्या असतात. तुमच्या रक्तात त्याचा जेमतेम अंश असतो. आणि धागा अडला तर पेशी वाट बघते, चुकीची वाटणी करत नाही, हे नव्या पोरींना तुम्हीच शिकवता ना?"

तिने गोळी पुन्हा सुरू केली, पण झोप उडाली ती उडालीच. सासू म्हणायची, सून जास्त शिकली म्हणून जास्त घाबरते. शेवटी शोघिकने गर्भजल तपासायला दिलं. नमुना आमच्याकडेच आला. पेशी वाढल्या आणि तेच औषध घालायची वेळ आली, तेव्हा माझा हात अडखळला. ती पाठीशीच उभी होती.

"टाक गं. सगळ्यांच्या नमुन्यात टाकतोच की."

दुसऱ्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ती खुर्चीवर बसेना.

"बोल ना."

"तेवीस जोड्या. सगळ्या पुऱ्या."

"दुसरी पेशी बघ."

बघितली. तिसरी बघितली, चौथी बघितली. ती 'आणखी एक' म्हणत राहिली आणि मी मोजत राहिले. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली.

मुलगी वसंतात झाली, धडधाकट. पण आईचा ताप तिच्यात उतरला की काय, हे कळायला अजून वेळ आहे. पोरीचं जरा पोट दुखलं, की शोघिकचा मला फोन येतो.