हॉर्नमधला कोंबडा

मंद्रूपच्या शिवारात बजाबाईच्या आगटीपाशी एक कायदा आहे आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. गरम हुरड्याची पहिली मूठ हवी तर थाप मारायची. तीही लेचीपेची नाही, चांगली पल्लेदार, आणि मारताना हसायचं नाही. थाप मारून झाली की बजाबाई विचारणार, "साक्ष कोनाची?" मग बसलेल्यांतल्या कुणीतरी 'मी बघितलंय' म्हणायचं आणि वर पदरची थोडी भर घालायची. मूठ दोघांत वाटून मिळते. साक्षीदार नाही मिळाला, तर थापाड्यानं सूप घेऊन आगटीला वारा घालत बसायचं, धूर खात.

शाइस्ता ह्याच कायद्यात वाढली. तिचे वडील हुसेनसाब टेम्पोवाले. बजाबाईच्या घरची ज्वारी तेच सोलापूरच्या बाजारात पोचवायचे आणि तिचा नवरा धोंडीराम त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता. संक्रांतीच्या आसपास हुसेनसाबांचं अख्खं बिऱ्हाड टेम्पोत बसून हुरड्याला यायचं.

सात वर्षांच्या शाइस्तानं पहिली थाप मारली ती अशी, की आमच्या टेम्पोच्या हॉर्नमध्ये एक कोंबडा राहतो. बजाबाईनं साक्ष मागितली. सगळे मुद्दाम गप्प. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. आता हुसेनसाब म्हणजे कसा माणूस, तर गाडीत दोन पोती जादा असली तर नाक्यावर कुणी विचारायच्या आत आपणच सांगून टाकणारा. लोक त्यांना येड्यात काढायचे. ते खाकरले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "व्हय वैनी. रोज दानं मीच घालतो की त्याला."

त्या दिवशी आगटीपाशी जे हसणं झालं, ते पार शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं म्हणतात. घरी परतताना शाइस्तानं हळूच विचारलं, अब्बा, खरंच आहे का कोंबडा? हुसेनसाबांनी नुसता हॉर्न दाबला.

ती पोरगी आता पन्नाशीच्या पुढं गेली. सोलापुरात शाळेत शिकवते, मुलांसाठी गोष्टी लिहिते, चार पुस्तकं नावावर आहेत. पण अब्बा गेले आणि गोष्ट रुसली. लिहायला बसावं तर कागदावर उपदेश उतरायचा. झाडं लावा, मोठ्यांचं ऐका, वेळेवर झोपा. वाचून तिला स्वतःलाच जांभई यायची, पोरांचं काय घेऊन बसलात! पुण्याच्या प्रकाशकाला नवं पुस्तक हवं होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नाही जमणार, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त तोंडानं म्हणायचं बाकी होतं, आणि तेवढ्याचीच तिला भीती वाटत होती. एकदा नाही म्हटलं की संपलंच.

अशात रविवारी बजाबाईचा मुलगा इंद्रजीत ह्यानं फोन करून फर्मावलं, हुरडा आलाय, कारणं सांगू नकोस. शाइस्तानं आपली छोटी गाडी काढली आणि मंद्रूप गाठलं.

आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजत होती, शेंगाची चटणी आणि गूळ पानांवर मांडला होता. बजाबाई ऐंशीला टेकलेली, पण गरम कणीस तळहातात चोळताना हूं की चूं नाही. लेखिकाबाई आल्या म्हणून पहिला मान शाइस्ताला मिळाला. ती सुरू झाली. एक झाड होतं, ते सगळ्यांना सावली द्यायचं, एकदा एक वाटसरू आला... बजाबाईनं कणीस खाली ठेवलं.

"ही थाप न्हाय पोरी. ही शाळंतली प्रार्थना हाय."

सगळे खो खो हसले. शाइस्ताही हसली, पण आतून तिला लागलं. साक्ष कोण देणार? झाडाच्या सावलीला साक्ष कसली! गुमान तिनं सूप उचललं आणि आगटीला वारा घालत बसली. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं, डोळे पुसले तरी कुणी विचारलं नाही.

मग इंद्रजीतची नात पिंकी उठली. दुसरीत जाणारी, दोन दात पडलेले. तिनं सांगितलं, की आपलं बुजगावणं काल एसटीत बसून सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला गेलं होतं. इंद्रजीतनं डोळे बारीक केले आणि विचारलं, मग काल शेतात उभं कोण होतं? त्याचा भाऊ, पिंकी म्हणाली.

"साक्ष कोनाची?" बजाबाईनं विचारलं.

कुणी बोलेना. पोरीची गंमत करायची म्हणून सगळे आभाळाकडं बघत बसले. पिंकी एकेकाच्या तोंडाकडं बघत फिरली आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. तो ओठ शाइस्ताच्या ओळखीचा होता.

"मी देते साक्ष," ती म्हणाली. "माझ्याच शेजारी बसलं होतं."

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं सांगितलं, की कंडक्टर तिकीट मागायला आला आणि घोळ झाला. बुजगावण्याच्या अंगावर बजामामीचं जुनं लुगडं, म्हणजे बाईमाणूस, म्हणजे हाफ तिकीट. पण पाय एकच, म्हणजे त्या हाफचंही हाफ. कंडक्टर बोटं मोजत राहिला आणि बस सोलापुरात पोचली तरी हिशोब लागला नाही. पिंकी ओरडली, मग ते पाळण्यात बसलं! बसलं तर, शाइस्ता म्हणाली, आणि उंचावरून बघतंय तर मंद्रूपच्या सगळ्या चिमण्या आपल्या ज्वारीवर. तिथूनच ओरडलं, हाऽऽ! चिमण्या घाबरल्या त्या घाबरल्याच, पण जत्रेतल्या माणसांनीही पळ काढला. पिंकी एक सांगायची, शाइस्ता त्यावर दुसरं चढवायची. इंद्रजीत पोट धरून आडवा झाला. कणसं करपायला लागली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. शाइस्ताला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

बजाबाईनं मूठभर गरम हुरडा चोळला आणि अर्धा पिंकीच्या, अर्धा शाइस्ताच्या हातावर ठेवला.

"तुजा बाप जल्मात कदी खोटं बोलला न्हाय," ती म्हणाली. "ह्या आगटीपाशी तेवडा बोलला. तुज्यासाटी."

शाइस्ता रडली, सगळ्यांसमोर, आणि रडत रडत हुरडा खाल्ला. फार गोड होता. सोमवारी काय सांगायचं ह्याचा तिला आता विचार करावा लागणार नव्हता. बुजगावणं जत्रेतून अजून परत यायचं होतं.

निघताना पिंकी गाडीपर्यंत आली. इकडंतिकडं बघून तिनं दबक्या आवाजात विचारलं, "आज्जे, खरंच बसलं व्हतं तुज्याशेजारी?"

शाइस्तानं ओढणीला चिकटलेली कडब्याची काडी काढून तिच्या हातावर ठेवली. पिंकीनं ती मुठीत घट्ट धरली आणि घराकडं धूम ठोकली.

सोलापूरचा रस्ता मोकळा होता. पुढं गाडी नाही, म्हैस नाही, माणूस नाही. तरी शाइस्तानं हॉर्न दाबला.