चौथ्या नंबरचा गॅडिस

"चौथ्या नंबरावर! चाळिसाव्या नाही, चौथ्या!" रे कोस्टेल्निकने टेबलावर चार बोटं आपटली. "त्याच्यामागून पाचव्यावर कोण गेला, सहाव्यावर कोण गेला, वाचू का यादी?"

"नको बाबा," बर्नी झेलिन्का बारमागून ओरडला. "एकोणीस वर्षं वाचतोयस. माझ्या कुत्र्यालासुद्धा पाठ झालीय."

"पाठ झाली म्हणून खोटी होते का?"

"खोटी कोण म्हणतंय? पण तो लांब मानेचा विसरलास? तीन सामन्यांत नऊ वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात नेऊन दिला त्याने. गॅडिसपेक्षा तो वाईट."

"तो निदान पळत तरी होता! गॅडिस मैदानात बसला. बसला, बर्नी! चेंडू काखेत, पुढे वीस यार्ड मोकळं रान, अंगाला कुणी शिवलेलं नाही, आणि साहेब गवतावर बसले. सहलीला आल्यासारखे!"

हॉलमध्ये हशा पिकला. मार्लीन हुडाक स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोबी-नूडल्सचा ट्रे पुढे सरकवत होती. ती हसली नाही. गॅडिसवरच्या विनोदाला ती कधीच हसत नसे, पण ती मुळातच कमी हसणारी, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एप्रिलातला शेवटचा गुरुवार होता. देशभरातल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीम आज कॉलेजातली पोरं निवडणार होत्या. आदल्या वर्षी जी टीम जास्तीत जास्त हरली, तिला निवडीचा मान आधी. या न्यायाने तळ्याकाठच्या या मुलखातल्या टीमला या मानाची वाण कधीच पडली नाही. यंदा दुसरा नंबर होता. या दिवशी स्लोव्हाक क्लबच्या वरच्या मजल्यावर साठ-सत्तर माणसं जमत. बहुतेक निवृत्त पोलादवाले, पोस्टवाले आणि त्यांच्या बायका. निवड आठला सुरू होई, पण त्याआधी क्लबचा स्वतःचा सोहळा असे. आजवर आपल्या टीमने निवडलेल्यांत सगळ्यात वाया गेलेला खेळाडू कोण, त्याचं नाव प्रत्येकाने कागदी प्लेटच्या पाठीवर लिहायचं आणि प्लेट बादलीत टाकायची. जो जिंकेल त्याचं नाव सोनेरी रंग फासलेल्या विटेवर रंगवायचं. ती वीट मग वर्षभर बारवर असे. एकोणीस वर्षं तिच्यावर एकच नाव होतं, वेंडेल गॅडिस. रे दरवर्षी त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवी, त्यामुळे अक्षरं चांगली बाळसेदार झाली होती.

मार्लीन दरवर्षी कोरी प्लेट टाकत असे.

"यंदा मात्र खरी गंमत आहे," बर्नीने हात पुसत जाहीर केलं. "यंदा वीट मालकाच्या हातात द्यायची."

"म्हणजे?"

"म्हणजे गॅडिस येतोय. इथे. साडेसातला. अक्रनला असतो, शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो. माझ्या मेहुण्याच्याच डेपोत निघाला. मी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. वीट, प्लेटा, सगळं. म्हटलं, येता का? तर म्हणाला, जेवायला काय असतं?"

हॉल दणाणून गेला. मार्लीनच्या हातातला डाव ट्रेमध्ये पडला आणि कोबीत रुतून बसला. तिने तो लगेच काढला नाही.

मार्लीन हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. चौतीस वर्षं तिने लोकांचे गुडघे, मनगटं, खांदे नीट लावून घेतले होते आणि "हलू नका" म्हटलं होतं. चित्रात काय दिसतंय ते डॉक्टरांनी सांगायचं, एक्स-रे काढणारीने तोंड मिटून घ्यायचं, हा त्या कामाचा पहिला धडा. तो तिने सख्ख्या बहिणीच्या बाबतीतही पाळला होता. मोडला एकदाच.

त्या मंगळवारी सकाळी वेंडेल गॅडिस एकटाच आला होता. मंगळवार खेळाडूंच्या सुट्टीचा. टीमच्या डॉक्टरांना कळू नये म्हणून पोरगा साठ मैल गाडी हाकत एवढ्या लांबच्या दवाखान्यात आला, हे तिने न सांगता ओळखलं. बावीस-तेवीस वर्षांचा होता. डावा बूट त्याने हळूच, दोन्ही हातांनी काढला. तिने चित्र काढलं, उजेडावर धरलं, आणि पंजाच्या मधल्या लहानशा हाडात केसाएवढी रेघ तिला दिसली. डॉक्टर दोनला येणार होते.

"तुटलंय का?" त्याने विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील."

"दुखतं तसं फार नाही. रविवारी खेळेन ना मी?"

इथे गप्प बसायचं होतं. फार तर "डॉक्टरांसाठी थांबा" म्हणायचं होतं. पण टीम सहा वर्षांत पहिल्यांदा चार सामने लागोपाठ जिंकली होती, तिचे वडील हॉस्पिटलच्या खाटेवरून रोज त्याच पोराचं नाव घेत होते, आणि ती बोलून गेली, "आम्ही सगळे वाट बघतोय. रविवारी भेटू!"

तो मोकळं हसला, बूट चढवला आणि डॉक्टरांसाठी न थांबता निघून गेला. रविवारी तिसऱ्या सत्रात तो मोकळ्या रानात बसला. पाय दुखावल्याचं टीमने नंतर सांगितलं, पण तोवर अख्ख्या मुलखाने त्याला बसताना पाहिलं होतं, आणि आधी बसला मग बहाणा शोधला असं ठरून गेलं होतं. दोन ऑपरेशनं झाली. पुन्हा तो खेळला नाही. मार्लीनला वाटे, त्या पोराचा पाय आपण मोडला. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. दवाखान्यातली गोष्ट बाहेर काढायची नाही, हा कायदाच होता, आणि तो कायदा म्हणजे लपायला सोयीची जागा आहे हेही तिला कळत होतं.

साडेसातला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, मग पुढची पायरी, अशी. दारात आला तो पिकल्या दाढीचा, जाडजूड माणूस. अंगात डेपोचं जाकीट होतं. एकोणीस वर्षं ज्याला गाढव, दगड आणि आणखी काय काय म्हटलं, त्याला समोर पाहून बर्नीच्या तोंडून निघालं, "या, या, मिस्टर गॅडिस." रे तर उठून उभाच राहिला आणि उभं राहिल्याची लाज वाटून खुर्ची सरकवल्यासारखं करू लागला.

"चौदा पायऱ्या आहेत तुमच्या," गॅडिस म्हणाला. "विटेसाठी एवढं चढायला लागत असेल तर निदान आधी जेवू द्या."

लोक हसले. सुटकेचं हसणं होतं ते. तो थेट खिडकीपाशी आला. मार्लीनने प्लेट भरली.

"अजून वाढा," तो म्हणाला. "कोबी जरा जास्त."

"आत येऊन बसा ना. इथे खुर्ची आहे. पायाला बरं पडेल."

"एवढा दिसतो का पाय?"

"मला दिसतो. डावा."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आत येऊन बसला. तो खात राहिला. मार्लीन ओट्याला टेकून उभी होती. हे वाक्य तिने मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं होतं की बाहेर येताना ते अगदी सपाट आलं.

"त्या मंगळवारी तुमचा एक्स-रे मी काढला होता. मला रेघ दिसली होती. तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, रविवारी भेटू. म्हणून तुम्ही थांबला नाहीत. माझ्यामुळे झालं ते."

गॅडिसने तोंडातला घास संपवला. काटा प्लेटच्या कडेला ठेवला.

"डॉक्टरांचा फोन आला होता मला," तो म्हणाला.

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. हाड मोडलंय, सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणाले. मी म्हटलं, राँग नंबर. आणि ठेवून दिला."

फ्रिज घरघरत होता. मार्लीनने ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"पण मी तुम्हाला..."

"मॅडम, रागावू नका, पण तुम्ही मला आठवतच नाही. रविवारी भेटू असं पेट्रोलपंपावरचा म्हणायचा, आमचे पाद्री म्हणायचे, माझी आई फोन ठेवताना म्हणायची. कुणी थांब म्हणालं नाही. तुम्ही म्हणाला असतात तर आठवला असतात."

तो हे टोचायला बोलला नव्हता. बसच्या ब्रेकचं काय झालं ते सांगावं तसं त्याने सांगितलं होतं. मार्लीनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. इतकी वर्षं ती स्वतःला एकटीला गुन्हेगार समजत होती, आणि निघाली ती गर्दीतली एक. पोटभर रडावं असं तिला वाटलं, पण बाहेर साठ माणसं होती.

"मग यांना तरी खरं सांगा," ती म्हणाली. "मोडक्या पायाने खेळलात ते. आळशी म्हणतात तुम्हाला."

"सांगून काय होणार? आज आळशी म्हणतात, उद्या मूर्ख म्हणतील. आळशी बरा. मूर्ख होतो, ते माझं मला माहीत आहे." तो पुन्हा खाऊ लागला. "तुम्हीही सांगू नका. नोकरी चालू आहे ना?"

"जूनपर्यंत. मग निवृत्ती."

"मग उगाच कशाला?"

"तुम्ही आलात तरी कशाला?" मार्लीनने जरा रागानेच विचारलं. "टिंगल करून घ्यायला?"

"मुलगीही हेच म्हणाली." तो हसला. "माझ्या वर्षी निवडलेले बत्तीस जण होतो आम्ही पहिल्या फेरीत. चांगले खेळले त्यांच्यातसुद्धा निम्म्यांचं नाव आता कुणी काढत नाही. माझं इथे दरवर्षी रंगवतात. म्हटलं, बघून तरी यावं कोण माणसं आहेत."

बाहेरून बर्नीने हाक मारली. गॅडिस उठला, प्लेट स्वतःच सिंकमध्ये ठेवली आणि बाहेर गेला.

प्लेटा मोजायची तसदी यंदा कुणी घेतली नाही. बर्नीने तयार केलेलं भाषण निम्मं खाल्लं आणि वीट पुढे केली. गॅडिसने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"स्पेलिंग बरोबर आहे," तो म्हणाला. "वर्तमानपत्रवाल्यांना ते दोन वर्षांत जमलं नाही."

हॉल खळाळून हसला. माणूस चांगला निघाला, असं एकमेकांकडे पाहून सगळ्यांनी ठरवलं. बर्नीला तेवढ्याने धीर आला.

"एकच सांगा, मिस्टर गॅडिस. हे डोक्यातून जातच नाही बघा. पुढे अख्खं मैदान मोकळं होतं. बसलात का?"

मार्लीन खिडकीत उभी होती. एका वाक्यात हा हॉल गप्प करता आला असता, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. गॅडिसने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्यावर त्याचा तेवढा भरवसा होता, का त्याला फरकच पडत नव्हता, ते तिला कळलं नाही. तिने ओठ मिटून घेतले.

"दमलो होतो," गॅडिस म्हणाला.

पुन्हा हशा झाला, पण नेहमीपेक्षा कमी. रे हसला नाही. तीस वर्षं पायी पत्रं वाटलेला माणूस तो. गॅडिसच्या डाव्या बुटाची टाच एकाच बाजूने झिजलेली त्याला दिसली असावी, कारण त्यानंतर यादीचा कागद त्याने घडी करून खिशात घातला.

आठ वाजले. टीव्हीचा आवाज मोठा झाला. पहिला नंबर अपेक्षेप्रमाणेच गेला. मग आपल्या टीमचं नाव आलं. सगळ्यांना चेंडू फेकणारा हवा होता. वर्षभर त्याच एका पोराच्या नावाने पैजा लागल्या होत्या. मंचावरच्या माणसाने चिठ्ठी उघडली आणि वाचलं भलतंच नाव. बचावाच्या फळीतला कुणीतरी धिप्पाड पोरगा, कुठल्या तरी लहान कॉलेजातला.

"हा? हा कोण?" बर्नीने डोक्याला हात लावला. "दुसऱ्या नंबरावर हा?"

"मेलो! आणखी दहा वर्षं मेलो!"

हॉलभर शिट्ट्या, हुर्यो, टेबलावर मुठी आपटणं सुरू झालं. कुणीतरी पडद्यावर नॅपकिनचा बोळा फेकला. पडद्यावर तो पोरगा आखूड बाह्यांच्या निळ्या कोटात उभा होता. टोपी उलटी घालावी की सुलटी ते त्याला कळत नव्हतं, आणि त्याची आई त्याची बाही सोडत नव्हती.

गॅडिस टेबलावर हात टेकून उठला. उजव्या पायावर भार घेतला, तोल सावरला, आणि टाळ्या वाजवायला लागला. मोठ्या, सावकाश टाळ्या. आजूबाजूचा गलका जरा ओसरला.

"अहो, टाळ्या कसल्या वाजवताय?" बर्नी वैतागून म्हणाला. "वाया जाणार हा पोरगा, लिहून घ्या माझ्याकडून."

"जाईलही," गॅडिस म्हणाला. त्याचे हात थांबले नाहीत. "पण आज अजून कुठे गेलाय?"

मार्लीनने हात ॲप्रनला पुसले. स्वयंपाकघराचं दार ढकलून ती बाहेर आली, टेबलांमधून वाट काढत गॅडिसच्या डाव्या बाजूला, तोल गेलाच तर त्याला खांदा सापडेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली, आणि तीही टाळ्या वाजवू लागली.