चार इंच कमी

मिस्त्रीने चौकट आधी केली आणि फोटो मोठा करून घ्यायला नंतर निघाला, तिथूनच सगळ्याला फाटे फुटले.

त्याचं म्हणणं असं, की घर बांधतानासुद्धा दाराची चौकट आधी उभी करतात, भिंत मागाहून तिच्याभोवती चढते. चाळीस वर्षं रंधा मारलेल्या माणसाशी चौकटीवरून वाद कोण घालणार? आणि झालीही होती ती देखणी. जुन्या सागवानाची, वीस इंच बाय सोळा, कोपरे असे जुळवलेले की नखसुद्धा शिरू नये. घरी येईल त्याला तो ती दाखवायचा. येणारा कौतुक करायचा आणि मग हमखास विचारायचा, "आणि फोटो?"

फोटो म्हणजे सहा बाय चार इंचांचा, कडा पिवळ्या पडलेला एक कागद. वर्कशॉप उघडलं त्या दिवशीचा. मधे बाकावर बाबा आणि आई. डावीकडे सोळा वर्षांचा मिस्त्री, ज्याला तेव्हा कुणी मिस्त्री म्हणत नव्हतं. आणि पार उजव्या कडेला, धावत येऊन कसाबसा फोटोत शिरलेला दहा वर्षांचा धाकटा भाऊ, तोंड उघडं टाकून. फोटोच्या मधून एक केसाएवढा पांढरा ओरखडा आडवा गेला होता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, निगेटिव्ह कधीच हरवलं होतं, आणि चौघं एकत्र असलेला एवढा एकच फोटो घरात होता.

आईला पुढच्या महिन्यात ऐंशी पूर्ण होणार होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर मात्र तिने विषय अजिबात बदलला नाही.

"या फोटोतले सगळे चेहरे मला खुर्चीत बसून, चष्म्याशिवाय दिसले पाहिजेत," ती म्हणाली. "सगळे."

मेख त्या 'सगळे'मध्येच होती. मिस्त्री आणि धाकटा सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटा वर्कशॉप सोडून तयार फर्निचरच्या शोरूममध्ये लागला होता. खोक्यातून काढा, स्क्रू पिळा आणि बसा, असल्या खुर्च्या तिथे मिळत. मिस्त्रीने गिऱ्हाइकांसमोर त्याला ऐकवलं, की भुशाच्या फळ्या विकणाऱ्याने बाबांचं नाव सांगू नये. धाकट्याने वर्कशॉपची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो गेला. तेव्हापासून दर रविवारी तीन वाजता तो आईला भेटायला यायचा, आणि दर रविवारी पावणेतीनला कुणाचं तरी दार अडकायचं आणि मिस्त्रीला तातडीने जावं लागायचं. गावातली दारं रविवारीच कशी अडकतात, हे त्याच्या बायकोने विचारायचं कधीच सोडून दिलं होतं.

खरं सांगायचं तर मिस्त्रीला भावाची आठवण यायची. लांब फळीवर सरळ रेघ मारायची तर निळीत बुडवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरतात आणि मधे उचलून सोडतात. याला माणसं दोन लागतात. सात वर्षं तो दुसरं टोक खिळ्याला अडकवत होता आणि खिळ्यावर चिडत होता. पण ही गोष्ट त्याने खिळ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

पहिली स्वारी निघाली चौकातल्या चकचकीत दुकानात. काउंटरवरच्या तरुणीने फोटो मशीनखाली घातला, पडद्यावर बघितला आणि सांगितलं, की तुमच्या मापात हा बसणार नाही, सोळा इंच उंचीला हा चोवीस इंच रुंद होतोय. चार इंच कापावे लागतील. डावीकडून कापू की उजवीकडून?

"उजवीकडून," मिस्त्री म्हणाला. फळी कापताना म्हणावं तसं.

दहा मिनिटांत फोटो हातात आला. सुंठेवाचून खोकला गेला, असं मनाशी म्हणत तो घरी आला आणि लेकीच्या हातात गुंडाळी दिली. लेक कॉलेजात शिकवते, तिला पेपर तपासायची सवय. तिने फोटो टेबलावर पसरला आणि चुका काढायला बसली. आजोबांची दाढीची खुंटं कुठे गेली? गालांना साय लावल्यासारखं काय दिसतंय? मधला ओरखडाही गायब झाला होता. दुकानाने तो फुकट पुसून दिला होता. शेवटी ती उजव्या कडेशी आली.

"बाबा, काका कुठे आहे?"

मशीनने कापला, मिस्त्रीने सांगितलं. आजकालच्या मशीन अशाच असतात.

आईपर्यंत तो फोटो गेलाच नाही. लेकीने दुसरा मार्ग काढला आणि घरबसल्या फोनवरून एका नामांकित म्हणवणाऱ्या कंपनीकडे फोटो पाठवला. वेबसाइटवर हसऱ्या कुटुंबांचे ढीगभर फोटो होते. पाच दिवसांनी पुठ्ठ्याच्या नळीतून फोटो आला. कापला कुणालाच नव्हता, पण वीस इंचांत बसवायला सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाबलं होतं. बाबा शिडीसारखे उंच, आई बांबू. धाकटा तर दाराच्या फटीतून डोकावल्यासारखा दिसत होता. लेक पोट धरून हसली. मिस्त्रीही हसला, पण लगेच गंभीर होऊन म्हणाला, की या फोटोवाल्यांपैकी एकालाही कामाची अक्कल नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," लेक म्हणाली. "चौकट मोठी करा ना."

लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही, असं सांगून मिस्त्री उठला. वर-खाली पांढऱ्या पट्ट्या सोडून अख्खा फोटो बसवावा, हेही तिने सुचवून पाहिलं. तेव्हा चेहरे लहान होतील, आजीला दिसणार कसे, हे त्यानेच तिला सुनावलं. बरोबरच होतं ते. फक्त बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. इकडे आई रोज सकाळी विचारत होती, आला का फोटो, आणि वाढदिवस बारा दिवसांवर आला होता.

तिसरा पत्ता लेकीला तिच्या एका सहकाऱ्याने दिला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर अरुंद जिना, जिन्याच्या टोकाला एक खोली, आणि खोलीत पांढऱ्या केसांच्या एक बाई. बोर्डसुद्धा नव्हता. मिस्त्री एकटाच गेला, चौकट काखेत मारून. बाईंनी आधी हात धुतले, पुसले, आणि मगच फोटो कडांना धरून उचलला. इथेच मिस्त्रीला त्या थोड्या आवडल्या.

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. फोटो कोण बघणार? खुर्ची भिंतीपासून किती लांब? खिडकी कुठल्या बाजूला? नऊ फूट, मिस्त्रीने सांगितलं, आणि खिडकी समोरच. मग चकचकीत कागद नको, बाई म्हणाल्या, उजेड पडला की आईंना खिडकीच दिसेल, मुलं दिसणार नाहीत. आधी बाबांच्या चेहऱ्याची एक पट्टी छापून दाखवते, काळंपांढरं पटलं तर पुढे जाऊ. मिस्त्री स्वतः पॉलिश लावण्याआधी असाच एका तुकड्यावर हात मारून बघायचा. चला, अखेर एक माणूस भेटला, असं वाटून तो स्टुलावर सैल बसला.

"हा मधला ओरखडा तेवढा काढून टाका," तो म्हणाला.

बाईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढला. "हा ओरखडा नाही," त्या म्हणाल्या. "ओरखडा कागदावर असतो, तो सगळ्यांच्या अंगावरून जातो. हा तुमच्या बाबांच्या पाठीमागून गेलाय. आईंच्या खांद्यापलीकडे परत बाहेर निघतोय. बघा."

मिस्त्रीने भिंगातून बघितलं. पांढरी रेघ त्याच्या स्वतःच्या, सोळा वर्षांच्या मुठीतून निघत होती. बाकाच्या मागून जाऊन ती धाकट्याच्या मुठीत शिरत होती. नवीकोरी दोरी होती ती, अजून निळीत न बुडवलेली. बाबांनी त्याच दिवशी दिली होती.

आणि सगळं आठवलं. फोटोवाला यायला उशीर झाला म्हणून दोघं मागच्या बाजूला फळीवर दोरी ताणून बघत होते. दुसरं टोक धाकट्याकडे होतं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, असा दम त्याने भावाला भरला होता. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली, मिस्त्री स्वतः आपलं टोक मुठीत धरूनच पुढे येऊन ऐटीत उभा राहिला, आणि दोरीचं साफ विसरला. धाकटा ताणलेली दोरी घेऊन धावत आला होता, म्हणून कडेला पोचला होता.

बाईंनी तोवर फोटोला पट्टी लावली होती आणि चौकटीला टेप. "चार इंच कमी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुतार ना?"

"मापात चुकलो," मिस्त्री म्हणाला.

"सुतार एखादं सूत चुकेल." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे बाईंना ठाऊक होतं. "चार इंच चुकत नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली. चौकट करण्याआधी त्याने फोटोवर पट्टी धरली होती, उजव्या कडेवर अंगठा ठेवून बघितलं होतं, आणि मगच लाकूड कापलं होतं. हे त्याने बाईंना सांगितलं नाही. चोवीस बाय सोळा छापा, दोरीसकट, एवढं म्हणून तो जिना उतरला. चौकट खाली सायकलवाल्याला देऊन टाकली. त्याने आरसा बसवीन म्हटलं.

त्या रविवारी पावणेतीनला गावातलं एकही दार अडकलं नाही. मिस्त्रीने अंगणात नव्या चौकटीसाठी सागवानाची लांब फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली आणि निळीची वाटी कालवत बसला. खरं म्हणजे एवढ्याशा चौकटीला दोरी लागत नाही, पट्टी आणि पेन्सिलीने काम भागतं. हे त्याला माहीत होतं आणि खिडकीतून बघणाऱ्या लेकीलाही. तीनला फाटक वाजलं. धाकटा आत आला, भावाला बघून थबकला, आणि घड्याळाकडे बघू लागला.

"धर," मिस्त्री म्हणाला, मान वर न करता, आणि दोरीचं टोक पुढे केलं.

धाकट्याने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. शोरूमचा इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत सारला आणि टोक धरलं. मिस्त्रीने दोरी उचलून सोडली. फळीवर निळी रेघ उमटली, शर्टावरही चार ठिपके उडाले. मग दुसरी रेघ, मग तिसरी. बोलणं झालं ते एवढंच, की अजून ताण, आणि आता बरोबर आहे. आत जाताना धाकट्याने फळी बोटाने वाजवून बघितली आणि लाकूड चांगलं आहे असं म्हणाला. मिस्त्री म्हणाला, आहेच.

वाढदिवसाच्या सकाळी चौकट भिंतीवर चढली. आई नऊ फुटांवर खुर्चीत, चष्मा मांडीवर. बाबांची खुंटं दिसत होती, आईच्या तेव्हाच्या पदराची चुणीसुद्धा. तिने डावीकडून एकेक चेहरा बोटाने हवेत मोजला आणि चौथ्यापाशी थांबली.

"झाली का चौकट मोठी," ती म्हणाली. "मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत आहे रे, डोक्यात नाही."

मिस्त्री स्टुलावर चढला आणि चौकट सरळ आहे का ते बघू लागला. आई फोटोकडेच बघत होती. तिने धाकट्याला विचारलं, की तुझं तोंड असं उघडं का रे, काय सांगत होतास?

धाकटा भिंतीजवळ गेला. एवढा मोठा फोटो तोही पहिल्यांदाच बघत होता. त्याने दोरी डावीकडून उजवीकडे बोटाने तपासली, थेट स्वतःच्या मुठीपर्यंत.

"विचारत होतो," तो म्हणाला. "दादा, आता सोडू का?"

मिस्त्री चौकटीचा कोपरा धरून स्टुलावर तसाच उभा होता, भिंतीकडे तोंड करून.

"नको," तो म्हणाला. आणि मग, "तुझी बाजू वर घे. एक सूत खाली आहे."