तिकटीपासून लांब

"पोरी, शेडात नगं उभारूस. हिकडं तिकटीवर ये, गाडी हितं थांबती," धोंडुबाईनं हाक मारली. हातात दुधाची रिकामी किटली घेऊन ती बसची वाट बघत होती.

मला बस पकडायचीच नव्हती. त्या शेडमध्ये कोणीच का थांबत नाही, ते बघायचं होतं. तरी मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

कसबा बावड्यात नव्या वसाहतीचा रस्ता साखर कारखान्याच्या रस्त्याला मिळतो, तिथं ही तिकटी. बसचा अधिकृत थांबा बराच पुढं, शहराच्या बाजूला. तिथं सिमेंटची शेड, आत बाकडं, बाकड्याच्या पायाला बांधलेलं एक रेडकू. माणसं सगळी तिकटीवर. बसही तिकटीवर थांबली आणि शेडपुढून तशीच निघून गेली.

मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून पुण्याला नगररचना शिकत होते. प्रबंधासाठी सरांनी पुणे स्टेशनभोवतीची वस्ती हा विषय सुचवला होता. दुसरा हवा असेल तर परवा परत जाईपर्यंत ठरवायचा होता. मी पॅड काढलं, त्यावर रस्ता आखला आणि माणूस दिसेल तिथं ठिपका देऊ लागले. मग लक्षात आलं, ठिपके फक्त माणसांचे नाहीत. गुंडूचा चहाचा गाडा, सायकलचं दुकान, पिठाची गिरणी, सगळं तिकटीला चिकटून. शेडभोवती नुसतं गवत. बस थांबते तिथं गाव उगवतं, आणि आम्ही थांबा ठरवतो पुस्तकातल्या नियमानं, तिकटीपासून लांब! पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा कळलं की मी किती दाबून लिहीत होते.

घरी पानावर बसल्या बसल्या मी दादांना सगळं सांगितलं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो, आईला माई. माई वाढत होती, माझं जेवणाकडं लक्ष नव्हतं.

"काय डोकं चालवलंय बघा! चांगली शेड, आणि आत रेडकू," मी म्हणाले. "कुणी बांधली असेल हो?"

"मी," दादा म्हणाले.

माईचा हात भातावर थांबला. दादांची ओव्हरसियरची सगळी नोकरी दुसऱ्यांनी आखलेली गटारं आणि रस्ते दुरुस्त करण्यात गेली होती. स्वतः आखून त्यांनी काही बांधलंय, हे मला ठाऊकच नव्हतं. नंतर माई हळूच म्हणाली, त्यांचं म्हणावं असं तेवढं एकच.

"गळिताच्या हंगामात ये बघायला," दादा ताटाकडं बघत म्हणाले. "उसाच्या गाड्या तिकटीवर वळतात. तिथं बस उभी राहिली की कारखान्यापर्यंत सगळं तुंबतं. म्हणून थांबा पुढं नेला."

म्हणजे नियम खुळा नव्हता, आणि माणसंही खुळी नव्हती. प्रश्न खराच अवघड होता. मला इतका आनंद झाला की मी ताटावरून उठायच्या बेतात होते. मग दादांचा उतरलेला चेहरा दिसला.

"मी स्टेशनचाच विषय घेते, दादा."

ते हात धुवायला उठले. सकाळी मात्र टेप घेऊन दारात तयार होते. "अंतर मोजल्याशिवाय काय लिहिणार तू?"

आम्ही तिकटीवर टेप धरली तशी धोंडुबाई म्हणाली, "शेड पाडताय व्हय? पाडा की. ज्यानं बांदली, त्यो कवा बशीनं गेलाच न्हाय वाटतं."

"पाडू नगा," गुंडू गाड्यामागून म्हणाला. "माझं रेडकू कुटं जाईल?"

"मीच बांधलीय ती," दादा म्हणाले.

गुंडूनं मान खाली घालून स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. धोंडुबाईनं पदर सारखा केला. "रागावू नगा, पावणं. पर एकदा बसून तर बगा की तिच्यात."

दादांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. ते शेडपर्यंत चालत गेले, रेडकाला बाजूला सारलं आणि बाकड्यावर बसले. बस आली. धोंडुबाई चढली. बस निघाली आणि शेडपुढून गेली, तेव्हा दादा दचकून उभे राहिले.

मी धावत गेले.

"आली कधी ही?" त्यांनी विचारलं.

शेडला तिकटीकडच्या बाजूला भरीव भिंत होती, आत बसून येणारी बस दिसतच नव्हती. दादांनी तिच्यावर हात ठेवला. "झड ह्याच बाजूनं येते. माणसं भिजू नयेत म्हणून बंद केली. बसून कधी बघितलं नाही." मग म्हणाले, "हे लिही. हाच विषय घे. आणि नाव घाल माझं."

"नाव कशाला, दादा? एक अधिकारी, असं लिहिते."

"अधिकारी कुठं होतो मी? नृसिंह माधव कुरुंदवाडकर, ओव्हरसियर, असं लिही."

ते पुन्हा खाली बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी शेजारची बाकड्यावरची धूळ नीट पुसली आणि थोडं सरकून मला जागा केली.