घासलेली विहीर

"विहिरीच्या पाण्यात डिझेलचा अंशसुद्धा नाही," तेलकंपनीने आणलेले तज्ज्ञ माइकवर म्हणाले. "उन्हाळ्यात सापडलं, ते तुमच्याच पंपाच्या इंजिनातून गळलेलं असणार. आमच्या डिझेलच्या टाक्यांखालचं पाणी खाडीकडे वाहतं, वाडीकडे नाही. या वेळचा नमुना तर स्वच्छ आलाय. विषय संपला."

ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंखे फिरत होते. माझी लेक प्राप्ती मांडीवर झोपली होती. टँकरचं पाणी सुरू झाल्यापासून तिच्या अंगावरचं पुरळ आत्ता कुठे उतरायला लागलं होतं. विषय संपला म्हणजे टँकर संपला.

तिला खांद्यावर घेऊन मी उठले. "भरती असली की आमच्या विहिरीचं पाणी चढतं आणि वास तेव्हाच मारतो. खाडी पाणी मागे रेटते. तुम्ही नमुना घेतलात तेव्हा भरती होती की ओहोटी?"

"मॅडम, तुमचं शिक्षण?"

"बीएस्सी."

"कशात?"

"वनस्पतिशास्त्र."

"मग झाडांबद्दल विचारा ना."

पुढच्या रांगेतले काही जण हसले. आमच्या वाडीचा दयारामही हसला. तो टाक्यांच्या गेटवर वॉचमन आहे. त्याचं हसूही पगारातच धरलेलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. भिमाबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात भात लावला आणि आमच्या बौद्धवाडीची विहीर राखली. कुणी नेमलं नव्हतं त्यांना. पाचोळा काढायच्या, भीमजयंतीच्या आधी बायकांना गोळा करून विहीर उपसायच्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"सायेब, तुमी पानी न्यायला येनार म्हनून आमी आदल्या दिशी इहीर उपसली. तलाचा गाल काढला, भिंती काथ्यानं घासल्या, पावडर टाकली. रात्री नवा पानी झिरपला, त्योच तुमी नेला."

त्या आठवड्यात मी मुरुडला माहेरी होते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई, का पण?"

"का म्हंजे? वरच्या आळीनं कदी आमच्या इहिरीचा घोट घेतला न्हाय. आन् हितं सायेब लोक गाडी घेऊन येनार, काचेच्या बाटलीत आमचा पानी भरून नेनार. घान दिसली असती तं काय म्हनले असते? ह्यांची इहीर, ती अशीच असनार."

तज्ज्ञांनी चष्मा पुसला. "म्हणजे नमुन्यात ढवळाढवळ तुम्हीच केलीत. हे लिहून घ्या."

इतका वेळ गप्प बसलेले सरकारी अधिकारी खाकरले. "नमुना महिन्याभराने पुन्हा घेऊ. तोवर विहिरीला कुणी हात लावायचा नाही. पाचोळासुद्धा काढायचा नाही."

"आणि टँकर?" मी विचारलं.

"तोवर हाच अहवाल धरावा लागेल."

"चुकलेला अहवाल?"

"चुकला असं मी म्हणालो नाही. पुन्हा घेऊ म्हणालो."

प्राप्ती दचकून रडायला लागली, तेव्हा कळलं की मी तिला फार आवळून धरलंय.

घरी येताना रस्ताभर मी भांडले. "मला एक फोन तरी करायचा ना, आई."

"पावना येनार म्हनून घर झाडतात, तं ते काय फोन करून इचारतात?" मग चालता चालता त्या म्हणाल्या, "दयाराम बी म्हनला. काकी, सायेब येतायत, इहीर चकाचक करा, वाडीची अब्रू जायला नको."

मी थांबले. प्राप्तीला त्यांच्याकडे दिलं आणि तशीच दयारामच्या दारात गेले. तो चहा बशीत ओतत होता.

"दयाराम, विहीर घासायला सांग, असं तुला कोण म्हणालं?"

"कोन कशाला म्हनल, वयनी?"

"मग तुझ्याच डोक्यातून आलं?"

त्याने बशी खाली ठेवली. दारातून टाक्यांचे पांढरे घुमट दिसत होते. तिकडे एकदा बघून तो हळू म्हणाला, "नोकरी जाईल माजी. घरात चार तोंडं हायत."

त्याच्या घरातली चार तोंडंही याच विहिरीचं पाणी पितात. हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं, पण आतून त्याची बायको हंडा घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता विहिरीकडे गेली.

टँकर बंद झाला. नवरा, रत्नपाल, न्हावा शेव्याहून ड्युटी संपवून येताना मोटारसायकलला बांधून पाण्याचा एक कॅन आणतो. तो प्राप्तीसाठी. बाकी सगळं विहिरीवर. प्राप्तीला अंघोळ घालताना मी रोज तिच्या कोपरांच्या आत बघते.

सासूबाई दिवसभर कठड्यावर बसून असतात. कुणी पोहरा आपटला तरी ओरडतात. पाण्यावर उंबराचा पाचोळा साचलाय, त्याच्याभोवती निळसर-जांभळा तवंग धरायला लागलाय. वरच्या आळीच्या दोन बायका काल रस्त्यावरून जाताना नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काय गो भिमाबाय, इहीर साफ नाय करीत आताशा?"



दुपारी भरतीने पाणी कठड्याजवळ चढलं होतं, तेव्हा वारा सुटला. एक पिवळं पान गरगरत सासूबाईंच्या अगदी हाताशी, पाण्यावर येऊन पडलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. डाव्या हाताने त्यांनी तो मनगटाशी धरला आणि तसाच धरून ठेवला.