नकाशाबाहेरचं बोट

आमचे हे हवामान कचेरीत वादळांचा अंदाज काढायचे. कचेरीच्याच आवारात आमची खोली, आणि मागच्या दारातून पाहिलं की नुसतं सपाट मैदान, टेकाड नाही की झाड नाही, त्याच्यावर आकाश इतकं मोठं की भांडी घासता घासता मान वर केली तर आपण कुठे बसलोय तेच क्षणभर विसरायला व्हायचं. दुपार कलली की तिथे ढग फुगायला लागायचे. त्यातला कोणता नुसता फुगून विरेल आणि कोणता गारा, वीज घेऊन खाली उतरेल, हे ह्यांना दोन तास आधी सांगावं लागे. चुकलं की शेजारीण सोडायची नाही. "काय हो ढगवाले, तुमच्या भरवशावर गाद्या उन्हात टाकल्या होत्या!"

गाद्यांचं हसण्यावारी गेलं. पण एका दुपारी ह्यांनी 'धोका नाही' असं लिहिलं आणि मैदानात काम करणाऱ्या दोन बाया वीज पडून गेल्या. वाचलेली तिसरी सांगत होती, वीज पडायच्या जरा आधी दोघींचे केस आपोआप उभे राहिले होते. तेव्हापासून हे ताटावर बसले की घास हातातच राहायचा.

त्याच आठवड्यात आमची चार वर्षांची ठकी मागच्या दारात बसून कुणाशी तरी बोलायला लागली.

"कोण गं?"

"ती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, येते."

आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. मला वाटलं, कोणी बाई पाणी मागून गेली असेल. बाहेर पाहिलं तर मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं. तासाभराने उत्तरेकडे गडगडलं.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी ह्यांना सांगितलं, आणि सांगून चुकले. दुसऱ्या दिवसापासून हे जेवणाच्या सुट्टीत कचेरीचा नकाशा घरी आणून फरशीवर पसरायला लागले.

"ठके, ती कुठे येते म्हणाली?"

ठकी झोपेत असल्यासारखी बोट टेकवायची, हे तिथे पेन्सिलने गोल करायचे, आणि दोन तासांनी त्याच गोलात गारा पडायच्या. साहेबांनी पाठ थोपटली. ह्यांना जेवण जायला लागलं, माझी अन्नावरची वासना उडाली. रोज पोरीला कुशीत घेऊन मी तिचा तळवा हुंगायचे. त्याला तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा वास यायचा.

"पोरीला यात ओढू नका. तिला काही झालं म्हणजे?"

"अगं, माणसं वाचतायत. तिचं काय जातंय? बोट तर टेकवते."

त्या दुपारी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. ठकीने नकाशावर बोट ठेवलं, सावकाश सरकवत कागदाच्या काठावरून खाली उतरवलं आणि उघड्या फरशीवर टेकवलं.

"हात्तिच्या, नकाशाबाहेर!" हे मनापासून हसले. "म्हणजे आपल्या हद्दीत आज काही नाही. शेजारच्या कचेरीची डोकेदुखी." नकाशाची गुंडाळी बगलेत मारून निघाले. फाटकातून ओरडून म्हणाले, "आज लवकर येतो गं, फिरायला जाऊ!"

ठकीचं बोट अजून तिथेच होतं. ती ज्या फरशीवर मांडी घालून बसली होती, त्याच फरशीवर, तिच्या गुडघ्याला लागून.

"ऊठ बाळा," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "ऊठ, माझ्याकडे ये."

"थांब ना आई," ती खुदकन हसली. "गुदगुल्या होतायत."

पंखा बंद होता. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तिच्या कपाळावरची एक बारीक बट हळूच वर उठली, मग दुसरी, आणि मग पाण्याखाली बसलेल्या माणसाचे उठावेत तसे तिचे सगळे केस, एकेक करून, छताकडे उभे राहिले.