टॅनरी क्लोजचं राष्ट्रगीत

बर्मिंगहॅमहून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर एक गाव आहे. त्या गावाच्या टोकाला टॅनरी क्लोज नावाची, पुढे वाट नसलेली गल्ली आहे. २००६ सालच्या उन्हाळ्यात ही गल्ली ब्रिटनमधून फुटून निघाली होती. पेपरात आलं नाही, कारण राणीला वाईट वाटू नये म्हणून आम्हीच बातमी दाबली.

फुटायचं कारण बस. कंपनीने रूट बदलला आणि आमचा स्टॉप गेला. विनवण्या झाल्या, सह्या झाल्या. शेवटी आमच्या हिच्या, म्हणजे उल्काच्या, साबुदाणा वड्यांवर ताव मारता मारता गल्लीने स्वातंत्र्य जाहीर केलं. ग्विन राष्ट्राध्यक्ष झाला. मूळचा वेल्श, रिटायर होईपर्यंत तीच बस चालवलेली, तेव्हा सगळ्यात जास्त अपमान त्याचाच झाला होता. गुरदीप संरक्षणमंत्री, कारण त्याच्याकडे शिडी होती. पोलंडहून नुकतीच आलेली दोरोता अर्थमंत्री. मी परराष्ट्रमंत्री; गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचो आणि आत येणाऱ्या गाड्यांना पासपोर्ट विचारायचो. पिझ्झावाल्याने एकदा खरंच दाखवला. मी शिक्का म्हणून त्यावर चटणीचा अंगठा उठवला, तर म्हणे पुढे दोन देशांत त्याच्यावर व्हिसा मिळाला.

सगळं सुरळीत चाललं होतं ते राष्ट्रगीताशी येऊन अडलं. ग्विनला ते वेल्शमध्ये हवं होतं, गुरदीपला पंजाबीत, दोरोताला पोलिशमध्ये. इंग्रजी सगळ्यांना येत होती, पण ती पडली शत्रूची भाषा. तिच्यात आम्ही फक्त भांडायचो.

"आमच्याकडे यावर जुना तोडगा आहे," मी म्हणालो. "मोठ्या प्रसंगी चाल एकच ठेवतात. मग ज्याला वाटेल त्याने आपापलं कडवं रचून आणायचं. मामा आणतो, आत्या आणते, शेजारी आणतो. शेवटची ओळ तेवढी सगळ्यांनी मिळून म्हणायची." आणि मी मासला म्हणून तिथल्या तिथे गाऊन दाखवलं:

आली ना बस ती तरी न रडलो, केला नवा देश हा
बोली चार नि दार चार, तरिही एकीच संदेश हा
शुभमंगल सावधान

"शेवटच्या शब्दाचा अर्थ काय?" गुरदीपने विचारलं.

"अटेन्शन."

संरक्षणमंत्री खूष. ठराव पास झाला. उल्काने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली ती अजून आठवते.

सगळे गेल्यावर सुचेता मागे राहिली. ती आमच्या समोरच्याच घरात राहायची. सत्तर साली नागपूरहून डॉक्टर म्हणून इथल्या हॉस्पिटलात आलेली, बरीच वर्षं एकटी.

"शशीभाऊ," ती म्हणाली, "ती बिचारी माणसं मंगलाष्टकं म्हणणार आहेत. भर रस्त्यात."

"त्यांना कुठे माहितेय?"

"मला माहितेय ना."

"मग तू एक कडवं कर. मराठीचं प्रतिनिधित्व माझ्या एकट्यावर टाकू नकोस."

"मी कशाला? मी चालले ब्रिस्टलला."

हे मात्र खरं होतं. ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांचं काम करणाऱ्या तिच्या मुलाने, सुयशने, सगळं ठरवलं होतं. आईने घर विकायचं आणि त्याच्या घराच्या मागच्या नव्या खोलीत यायचं. गल्लीने स्वातंत्र्यदिन म्हणून ठरवलेल्याच रविवारी तो व्हॅन घेऊन येणार होता. सुचेता हो म्हणाली होती. थांब म्हणणारं कोणी नसलं की माणूस हो म्हणतो.

थांब म्हणावं असं एकाच माणसाला वाटत होतं. तो रोज सकाळी आपल्या बागेतला रूबार्ब, म्हणजे आंबट लाल देठांची जुडी, कापून तिच्या पायरीवर ठेवायचा, बेल न वाजवता पळायचा आणि तिला रूबार्ब अजिबात आवडत नसल्याने ती जुडी आमच्या फ्रीजमध्ये यायची. मी ग्विनला एकदा म्हटलं, "अरे, बोल की तिच्याशी."

"काय बोलू?" तो म्हणाला. "तिचा मुलगा चांगला आहे. खोली बांधलीय त्याने. मी कोण?"

"राष्ट्राध्यक्ष."

"गप रे, शशी."

रविवार उजाडला. झेंड्याला काठी नव्हती, म्हणून मी सुचवलं की दोघांनी तो दोन टोकांना आडवा धरावा. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांनी उभं राहावं, दुसऱ्या बाजूला निरोप घेणाऱ्या नागरिकाने. हेही आमच्या देशात असंच करतात, मी म्हणालो, आणि यात शब्दही खोटा नव्हता. गुरदीप आणि दोरोताने चादरीचा झेंडा धरला. उल्काने सगळ्यांच्या हातात कुंकू लावलेले तांदूळ दिले. लाथ घालून झाल्यावर तीही कटात सामील झाली होती.

दोरोताने पोलिश कडवं असं म्हटलं की कुठलाही भटजी तिला पुढच्या मुहूर्तावर बोलावून गेला असता. गुरदीपने पंजाबीत बस कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. ग्विनचा आवाज खर्जातला, भरदार; वेल्श कळत नसूनही टेकडीवरच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या, हे मी स्वतः पाहिलं. प्रत्येक कडव्याशेवटी सगळी गल्ली 'शुभमंगल सावधान' म्हणून ताठ उभी राहायची.

शेवटचं कडवं सुचेताचं. तेवढ्यात व्हॅन आली. मी पासपोर्ट मागायला उठलो नाही. सुयश खाली उतरून तसाच उभा राहिला. झेंड्याच्या अलीकडे त्याची आई डोळे मिटून गात होती:

जाते मी, पण पाय हा न निघतो दारातुनी का बरे?
कोणी थांब म्हणेल का मज इथे, सांगा मला हे खरे

मला हे ठाऊक नव्हतं. तिने कडवं कोणालाच दाखवलं नव्हतं. शेवटची ओळ मी उचलून द्यायची, मग सगळ्यांनी म्हणायची; मी ती उचललीच नाही. उल्काने डोळ्यांना पदर लावला. बाकीची गल्ली तांदूळ मुठीत धरून वाट बघत राहिली.

"शशी," झेंड्यामागून ग्विन हळूच म्हणाला, "काय म्हणाली ती?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर दिलं सुयशने. इंग्रजीत, एकेक शब्द जपून. "ती विचारतेय, कोणी तिला थांब म्हणणार आहे का."

गुरदीपचे हात भरून आले असावेत किंवा तो माझ्यापेक्षा हुशार असावा. झेंडा खाली आला. दोघं समोरासमोर. ग्विन लाल झाला, टोपी काढली, परत घातली. मग त्याच्या तोंडून 'थांब' आलं, ते त्याच्या आईच्या भाषेत.

"अरोस," तो म्हणाला.

सुचेताने अर्थ विचारला नाही. "बरं," ती मराठीत म्हणाली.

मग कोणी सांगायच्या आधीच उल्काने तांदूळ टाकले आणि तिचं बघून सगळ्यांनी.

सुयश आईजवळ गेला. जन्म इथला, मराठी आईपुरती. "आई, तू मला आधी का नाही सांगितली?"

"तू विचारलं नाहीस, राजा. तू खोली बांधलीस."

"ती खोली छान झालाय."

"मी येईन ना तिथे राहायला. दिवाळीत येईन, तुला बरं नसलं की येईन. पण मी पाहुणी म्हणून येईन. घर मला इथे हवंय."

त्याने व्हॅनची किल्ली खिशात टाकली. मग त्याने आईच्या केसांतले तांदूळ एकेक करून वेचायला घेतले, लहान मुलाचे आपण वेचतो तसे, आणि तिने मान खाली करून वेचू दिले.

पलीकडे ग्विन कॉलरमधून तांदूळ झटकत मला विचारत होता की हे राष्ट्रगीताला का टाकतात. मी काहीतरी मोठं रचून सांगणार होतो. सुचेताने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"तुम्ही नका सांगू, शशीभाऊ," ती म्हणाली. "मी सांगेन त्याला. हळूहळू."